बेल्तानीअक्काने न घेतलेलं नाव

तंदूरवाली बेल्तानीअक्का आपल्या मेलेल्या मुलाला तहानलेला ठेवते, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. का ठेवते? तर कंजूष म्हणून. अमावास्येला घराच्या जमिनीखाली निजलेल्या आपल्या माणसांना मातीच्या नळीतून पाणी घालायचं, मूठभर पीठ सोडायचं, एकेकाचं नाव घ्यायचं. ही बाई सासऱ्याचं नाव घेते, सासूचं घेते, नवऱ्याचं घेते, आणि पोटच्या पोरापाशी आली की गप्प. एक वाटी पाणी वाचवते. इथून हाक मारली तर फरात नदीला ऐकू जाईल, आणि हिला पाण्याची काटकसर! ही खबर धोब्याच्या तब्नीने आणली होती, आणि तब्नीची खबर म्हणजे पिळून, झटकून, उन्हात वाळवून आणलेली.

साफ खोटं होतं ते. अक्काच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. ती बांधली अक्काच्या नवऱ्याने, इप्कूशाने. अख्ख्या बाबिलोनच्या देवळांना विटा रचणारा हा गवंडी, पण घरची भिंत अशी की पलीकडे कांदा चिरला तर अलीकडे माझ्या डोळ्यांत पाणी. त्यामुळे मला सगळं नीट ऐकू यायचं. अक्का कंजूष नव्हती. मुलगा मेला आहे हे तिने कबूल केलं नव्हतं, एवढीच गोष्ट होती. जमिनीत गेलेल्या त्या मातीच्या नळीवर वाकून जिवंत माणसाचं नाव घेणं म्हणजे त्याला आपल्या हाताने खाली ढकलणं. आईने ते कसं करायचं? पण तो खरंच मेला असेल, तर नाव घेतल्याशिवाय त्याच्यापर्यंत थेंब पोचत नाही. खालच्या त्या अंधाऱ्या मुलखात तो धूळ खात बसणार. अशी ती सहा वर्षं अडकून पडली होती.

अक्का मूळची किश शहराकडची. लग्न होऊन आमच्या गल्लीत आली तेव्हा मी शेंबडा होतो, त्यामुळे मी तिला अक्का म्हणायचो आणि ती मला काय वाटेल ते म्हणायची. इप्कूशा तापाने गेला. त्याला आतल्या खोलीत, त्याच्या आईबापाच्या शेजारी पुरलं. तिथेच एका मडक्यात अक्काची दोन तान्ही होती. एकाचं नाव ठेवलेलं होतं. दुसरं नाव ठेवायच्या आधीच गेलं, त्याला ती पाणी घालताना नुसतं ‘बाळा’ म्हणायची. नवरा गेल्यावर तिने अंगणातल्या तंदूरवर घर चालवलं. गल्लीतल्या बाया कणीक मळून आणायच्या, अक्का भाकऱ्या थापून आतल्या भिंतीला फटाफट चिकटवायची. आगीत हात घालून घालून तिच्या हातावर कोपरापर्यंत एक केस उरला नव्हता. जीभ मात्र शाबूत होती.

“अक्का, माझी भाकरी एका बाजूने करपली.”

“मग दुसऱ्या बाजूने खा.”

“दोन्ही बाजूंनी करपली असती तर?”

“तर तुझ्या बायकोने ती तुझ्या तोंडावर मारली असती, आणि मला बघायला मिळालं असतं. चल नीघ, कुब्बुरू.”

मुलगा नूरकब्ता. उंच, लांब पायांचा, मान खाली घालून चालणारा. आईची जीभ याच्या वाट्याला आलीच नव्हती. देवाच्या उत्सवात मांस वाटायचे तेव्हा हा सगळ्यात मागे उभा राहायचा आणि हात हलवत परत यायचा. अक्का कपाळाला हात लावायची. “अरे, दोन ढुशा दे की लोकांना! पाय काय नुसते पांघरुणाबाहेर काढायला दिलेत का तुला?” तो हसायचा.

त्याचं लग्न झालं नरुब्तूशी. दोन महिने झाले असतील नसतील, राजाच्या चाकरीचं बोलावणं आलं. नदीच्या वरच्या अंगाला मोहीम होती, होड्या ओढायला आणि भाला धरायला माणसं हवी होती. आमच्याकडे वर्षांना नावं असतात. तो गेला ते ‘राजाने देवाला सिंहासन दिलं ते वर्ष’. मग ‘मोठा कालवा खणला ते वर्ष’ आलं, मग ‘तट उंच केला ते वर्ष’. एकेका वर्षाला नाव मिळत गेलं आणि नूरकब्ताचा पत्ता नाही. चाळीस जणांतले नऊ परत आले. ते म्हणाले, नदी ओलांडायच्या एका उतारापाशी काठावरून बाण आले, होड्या उलटल्या, काही बुडाले, काहींना दोऱ्या बांधून नेलं. नूरकब्ताला बुडताना कुणी पाहिलं नाही, बांधून नेतानाही पाहिलं नाही. एकजण म्हणाला की मी पाहिलं. पण तोच माणूस वाटेत दोन तोंडांचा बैल पाहिल्याचंही सांगायचा.

लोकांनी नरुब्तूला सुचवून पाहिलं. नवरा शत्रूच्या हाती लागला आणि घरात खायला नसेल तर बाईने दुसरं घर करावं, याला आमच्याकडे कायद्याची ना नाही. नरुब्तू म्हणाली, “घरात खायला आहे. तंदूर विझलेला पाहिलात का कधी?” विषय संपला. पोरगी अक्काच्या हाताखाली कणीक मळत राहिली. दोघी भांडायच्या भरपूर, पण मिठावरून, सरपणावरून. नूरकब्तावरून कधीच नाही.

होड्या उलटल्याची बातमी आल्यानंतरची पहिली अमावास्या मला आठवते. ऊन कललं होतं. मी भिंतीला टेकून लव्हाळ्याची चटई विणत होतो. पलीकडून अक्काचा आवाज आला. सासऱ्याचं नाव, पाण्याची धार. सासूचं नाव, धार. इप्कूशा, धार. पहिलं तान्हं, मग ‘बाळा’. मग काहीच नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “आणि ज्याचं नाव घ्यायला कुणी नाही, तो कुणीही असो, त्याने यावं. त्याने प्यावं.”

हे वाक्य आमच्याकडे सगळेच म्हणतात. शेवटी, पुटपुटत, वाटीतले उरलेसुरले चार थेंब टाकत. बेवारस भुतांना खूश ठेवलेलं बरं, एवढाच त्यात भाव. पण भिंतीपलीकडे धार थांबेना. वाटी नव्हे, अख्खा घडा रिकामा होत होता.

पुढच्या अमावास्येलाही घडा. तिसऱ्याला दोन. गल्लीत कुजबुज सुरू झाली. कंजूषपणाची आधीची खबर तब्नीने मुकाट्याने मागे घेतली आणि नवी आणली: अक्का शहरभरच्या भुतांना जेवायला बोलावते. रस्त्यावर मेलेले, पाण्यात मेलेले, वाळवंटात मेलेले, सगळे आपल्या गल्लीत रांग लावतात. तब्नीच्या शेळीचं दूध आटलं ते त्यामुळेच. शेवटी मला पुढे ढकललं. का, तर मी शेजारी, आणि दुसरं म्हणजे मला शिव्या खायची सवय.

“अक्का,” मी म्हणालो, “गल्लीचं म्हणणं आहे की पाहुणे जरा जास्त होतायत.”

“गल्लीचं पाणी घालते का मी?”

“तसं नाही. पण भुतं घाबरवतात गं लोकांना.”

“तुझ्या सासूने इतकी वर्षं घाबरवलं नाही, तिथे भुतं काय करणार?”

“अगं, पण अनोळखी लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला?”

अक्का कणकेचा गोळा हातात घेऊन उभी राहिली. “अनोळखी कशावरून?” ती म्हणाली. मग तिने तो गोळा थापला, आत चिकटवला आणि पाठ फिरवली.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ती वाट काढली होती बाईने. मेला असेल तर त्या बेवारसांच्या घोळक्यात येऊन पिऊन जाईल. जिवंत असेल तर त्याचं नाव नळीत पडलेलं नाही. मी गल्लीत परत जाऊन सांगितलं की अक्काला देवीने स्वप्नात तसं करायला सांगितलंय. देवीशी वाद घालायला तब्नीही धजेना.

सहा वर्षं ते तसं निभावलं. मग नरुब्तूचं डोकं दुखायला लागलं.

सुरुवातीला थोडं. मग कपाळाच्या बाजूच्या शिरा ताडताड उडायला लागल्या, कानात सतत आवाज. खाल्लेलं पोटात ठरेना. दोन महिन्यांत पोरगी वाळलेल्या खजुरासारखी झाली. आमच्याकडे कुणालाही विचारा, कानात आवाज म्हणजे भुताचा हात. अक्काने तिळाचं तेल चोळलं, फडकी बांधली, आणि शेवटी मांत्रिक एतेलपीला बोलावलं. हा एतेलपी म्हातारा, सावकाश बोलणारा, दुसऱ्याच्या घरात आपल्या घरासारखा बसणारा. त्याने धूर केला, पिठाचं रिंगण घातलं, नरुब्तूच्या कानाशी कान लावून ऐकलं. मी दारात उभा होतो. अक्काने घालवलं नाही म्हणून राहिलो.

“उपाशी भूत आहे,” एतेलपी म्हणाला. “घरचं. नाव घ्या, पाणी घाला, जाईल.”

“कुणाचं नाव?”

“तुम्हाला ठाऊक आहे.”

“मला ठाऊक असतं तर तुला कशाला बोलावलं असतं? बीअर पाजायला?”

एतेलपीला राग आला नाही. त्याने विचारलं, “दर अमावास्येला बेवारसांना घडे ओतता म्हणे?”

“ओतते. त्यात कुणीही पिऊ शकतं.”

“पिऊ शकतं. पण तिथे गर्दी असते, बाई. हजारो येतात, घशाला कोरड पडलेले. जो ढकलून पुढे घुसेल तो पितो.” म्हाताऱ्याने पिठाचं रिंगण हाताने पुसायला घेतलं. “तुमचा मुलगा पुढे घुसणाऱ्यातला होता का?”

अक्का उठून तंदूरमध्ये सरपण घालायला गेली.

पुढच्याच अमावास्येला नरुब्तू अंथरुणातून उठून बसली होती. भिंतीतून मला दोघींचं ऐकू येत होतं.

“आई, माझं थांबलंय आज. खरंच. बघा, मी उठून बसलेय.”

“उलटी कशाची झाली सकाळी?”

“कांद्याची.”

“दोन दिवसांत कांदा खाल्लेला नाहीस तू. आडवी हो.”

“आई, घेऊ नका नाव. पाया पडते. तो येईल आणि मग काय सांगायचं त्याला?”

“त्याला सांगेन, तुझी बायको मरत होती. आडवी हो म्हटलं ना!”

मग नावं सुरू झाली. सासरा, सासू, इप्कूशा, तान्हं, बाळ. त्यानंतर अक्काने हाक मारली, “नूरकब्ता!” पुटपुटली नाही. जेवण वाढून झाल्यावर गल्लीत गेलेल्या मुलाला आई हाक मारते तशी, मोठ्याने, थोडी वैतागून. तब्नीच्या घरापर्यंत ऐकू गेली. पाणी नळीतून खाली जाताना गुडगुड आवाज आला. नरुब्तू रडत होती.

दुसऱ्या दिवशी गल्ली भेटायला आली. कुणी बीअरचा घडा आणला, कुणी खारे मासे. सगळ्यांत मोठ्याने तब्नी रडली. आणि रडतारडता प्रत्येकाची नजर नरुब्तूकडे. कारण आता हिशेब सरळ होता. पोरगी बरी झाली तर ते उपाशी भूत नूरकब्ताचंच. म्हणजे तो मेला. हे लहान पोरालाही कळत होतं, मग अक्काला कळत नसेल? सून बरी व्हावी म्हणून तिने नाव घेतलं, आणि सून बरी होणं म्हणजेच मुलगा गेल्याची खूण.

दहा दिवस गेले, वीस गेले. नरुब्तूच्या डोक्यावरचं फडकं सुटेना.

“अजून दुखतंय का गं?”

“दुखतंय, आई. जास्तच आहे आज.”

आणि म्हातारीचा चेहरा उजळायचा! सुनेच्या डोकेदुखीने एवढी हरखलेली सासू मी दुसरी पाहिली नाही, आणि सासवा पाहण्यात माझी हयात गेलीय. पोरगी आता जेवायची, गालांवर मांस आलं होतं, पण डोकं मात्र दुखायचं. अक्काने एतेलपीला गाठून विचारलं, चुकून घेतलेलं नाव मागे घ्यायचा काही विधी असतो का? म्हातारा बुचकळ्यात पडला. असा विधी त्याच्या गुरूच्या गुरूनेही ऐकला नव्हता. अक्का तंदूरपाशी पुन्हा शिव्या द्यायला लागली. भाकऱ्या मोजताना एक जास्तीची काढून बाजूला ठेवायला लागली. विचारलं तर म्हणायची, “तुझी नजर का तिथे? लांब पायाच्या माणसाला भूक जास्त असते.”

मग एके दिवशी भर दुपारी मी घराच्या सपाट छपरावर, धाब्यावर, लव्हाळा कापत बसलो होतो. शेजारच्या धाब्यावर नरुब्तू जव वाळत घालत होती. नुकतीच न्हालेली. फडकं कठड्यावर टाकलेलं. ती गुणगुणत होती. आणि मान पार खाली घालून, केस पुढे सोडून, झटाझट झटकत होती. डोकं दुखणाऱ्या माणसाने तसं एकदा करून पाहावं, तिथेच भोवळ येऊन पडेल. शिडीवर अक्काची पावलं वाजली. नरुब्तूने झटकन फडकं उचललं, कपाळाला गुंडाळलं, आणि तेवढ्यात तिला मी दिसलो. ती नुसती बघत राहिली. मी मान हलवली. म्हणजे, नाही सांगणार.

चार दिवस मी ते पोटात ठेवलं. माझ्या बायकोला विचारा, चार दिवस म्हणजे काय ते. पाचव्या दिवशी तंदूरभोवती बाया जमल्या होत्या, मी भाकऱ्या न्यायला गेलो होतो. तब्नी एतेलपीच्या नावाने खडे फोडत होती, मांत्रिक कसला, भोंदू आहे, पोरीचं डोकं होतं तसंच आहे. बाया माना डोलवत होत्या. आणि मला हसवायची हुक्की आली. माझ्या जिभेने माझ्या डोक्याला विचारलंच नाही.

“कुणाचं डोकं? नरुब्तूचं? अगं, ती धाब्यावर अशी केस झटकत होती की मला वाटलं, गोमाशी चावलेली शेळी आहे. तब्ने, तुझी शेळी तरी एवढी ठणठणीत आहे का?”

सगळ्या हसल्या. मी पण. मग एकेकीचं हसणं थांबत गेलं. काय बोललो ते मला शेवटी कळलं, बाकीच्यांना आधी. अक्काचा हात तंदूरमध्ये होता. तिने तो लगेच बाहेर काढला नाही. आतली भाकरी सुटून राखेत पडली, तिचा जळका वास आला, तरी हात आतच. तब्नीनेच पुढे होऊन तिचा दंड धरून ओढला. नरुब्तू पिठाच्या परातीपाशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने डोक्याचं फडकं सोडलं, घडी घातली, मांडीवर ठेवली.

त्यानंतरच्या अमावास्येला मी भिंतीला कान लावला नाही. तरी ऐकू आलंच. सासरा, सासू, इप्कूशा, तान्हं, बाळ, नूरकब्ता. सगळी नावं एका आवाजात, एका मापाची धार. शेवटी बेवारसांना चार थेंब, सगळे टाकतात तसे.

मी विणलेली सगळ्यात चांगली चटई काखेला मारून तिच्याकडे गेलो. अक्का अंगणात बसली होती, भाजलेल्या हाताला तेल आणि पाला बांधलेला. नरुब्तू नदीवर गेली होती.

“अक्का, चुकलं माझं.”

“चटई तिथे ठेव.”

“मला वाटलं नव्हतं गं. तुला माहीत नसेल हे माझ्या लक्षातच...”

“मला माहीत नव्हतं?” ती म्हणाली. “पंचवीस वर्षं या तंदूरपाशी बायांची डोकी बघतेय. डोकं दुखणारी बाई फडकं आवळून बांधते, डोळ्यांपर्यंत. ही सैल बांधायची, पागोट्यासारखं. चौथ्या-पाचव्या दिवशीच कळलं होतं मला.”

“मग रोज विचारायचीस ते?”

“विचारायचे. ती सांगायची, दुखतंय. तिला वाटायचं, म्हातारी फसतेय. मी तिला तसं वाटू देत होते. दोघींचं बरं चाललं होतं.”

मग, गप्प राहता येत नाही हा माझा जुना रोग, म्हणून म्हणालो, “पण अक्का, मी काही खोटं तर बोललो नाही.”

अक्काने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, दमलेल्या माणसाने पाहावं तसं.

“जन्मभर खोटंच बोलत आलास, कुब्बुरू, त्याने कधी कुणाचं काही गेलं नाही. एवढं एकदा खरं बोलायची काय घाई होती तुला?”